वाय-फाय रुसलं तर



देहूत पालखीचं प्रस्थान झालं, की दुसऱ्या दिवशी घराघरांत एकच काम निघतं. सतरंज्या झटकायच्या, मोठी पातेली घासून माळ्यावर टाकायची, पाण्याची पिंपं उपडी घालायची. आमच्याकडे दरवर्षी दहाबारा वारकरी उतरतात. दोन दिवस पाय ठेवायला जागा नसते आणि मग घर एकदम ओकंबोकं होतं. २०२५ साली प्रस्थान १८ जूनला, बुधवारी होतं. पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. गुरुवारी सकाळी पालखी आकुर्डीच्या वाटेला लागली, आमची मंडळीही गेली आणि मी पदर खोचून आवराआवरीला लागले.

त्या आवराआवरीत सुनेचा लॅपटॉपही हाती आला. पाहुण्यांच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिनं तो कपाटात साड्यांखाली ठेवला होता. वर धूळ दिसली, म्हणून मी ओलसर फडकं घेतलं आणि चांगला चोळून पुसला. वरून, खालून, कडेकडेनं. मिक्सर पुसते तसा. मग टेबलावर ठेवला आणि विसरून गेले.

हे मी तुम्हांला आत्ताच सांगून ठेवते. तेव्हा मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

आमची सून बी. कॉम. आहे. नातू झाल्यावर तिनं तळवड्याची नोकरी सोडली आणि घरून हिशेब लिहायचं काम घेतलं. आमच्या ह्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांना ब्रॅकेट, वॉशर, पत्र्याचे सुटे भाग पुरवणारी लहान लहान वर्कशॉप पुष्कळ. मालक स्वतःच मशीनवर उभा असतो. त्याला कागद बघायला वेळ कुठला? अशा चौघांचं काम सून बघते. त्या पैशांतून नातवाची फी जाते आणि तिची भिशीही. तिचा लॅपटॉप सेकंडहँड, बारातेरा वर्षांचा, पण तिच्या कमाईतला पहिला जिन्नस. त्याला ती फार जपते.

ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना महिन्याची २० तारीख काय असते ते सांगायला नको. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी त्या दिवसापर्यंत भरावं लागतं. उशीर झाला, की दिवसाला ५० रुपये लेट फी (काहीच व्यवहार नसेल तर २०), शिवाय राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम डोंगराएवढी नसते. पण दुसऱ्याचं काम अंगावर घेतलेल्या बाईला ती फार मोठी वाटते, कारण पैशांआधी शब्द जातो.

चारांतली दोन विवरणपत्रं तिनं पाहुणे यायच्या आधीच भरली होती. उरलेली दोन शुक्रवारी दुपारी घ्यायची ठरवली. शुक्रवारी तारीख होती २०. जेवणं झाली, नातू झोपला, हिनं लॅपटॉप उघडला, आणि नेट नाही.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या खुणेच्या जागी नुसता पृथ्वीचा गोळा. वाय-फायचं बटण दाबलं की क्षणभर सुरू झाल्यासारखं करायचं, पुन्हा आपलं बंद. त्याच खोलीत तिच्या मोबाइलवर नेट व्यवस्थित. म्हणजे भिंतीवरच्या नेटच्या डबीचा दोष नाही, हे तिनं तिथंच ओळखलं. तरी डबी बंद करून चालू केली. आपण सगळ्याच जणी करतो. काही फरक नाही.

मुलगा चाकणला दुसऱ्या पाळीला गेलेला. फोनवर मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला, "तू हात लावू नकोस, अजून बिघडेल. मी आल्यावर बघतो." आल्यावर म्हणजे रात्री साडेबाराला. तोवर २१ तारीख लागलेली.

हे "हात लावू नकोस" आपल्या किती ओळखीचं आहे, नाही? फ्यूज गेला तर हात लावू नकोस, स्कूटर अडली तर हात लावू नकोस. आणि वर्षभरानं तेच म्हणतात, "तुला काही येत नाही."

पाच वाजता ती नातवाला माझ्याकडे सोपवून स्कूटरवर लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं न उघडता, दोनतीन बटणं दाबून निदान केलं : आतलं कार्ड गेलंय, कदाचित बोर्डही असेल, साडेतीन हजार होतील, ठेवून जा, सोमवारी या. तिनं ठेवला नाही. त्यात चौघांचे हिशेब होते. तशीच परत आली. चेहरा इतकासा झालेला. मी चहा पुढं केला, तो तसाच निवला.

मग तिला सुचलं, की मोबाइलचं हॉटस्पॉट लावावं. आणि इथंच बहुतेक जणी फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. हॉटस्पॉट म्हणजे मोबाइलनं केलेलं वाय-फायच. मोबाइल बोलतोय, पण ऐकणार कोण? लॅपटॉपचा कान बंद पडलाय म्हणून तर एवढी यातायात! घरची डबी असो, शेजारणीची असो, मोबाइल असो, हवेतून येणारं नेट त्या लॅपटॉपला ऐकूच येणार नाही. हवेतून येत नसेल तर ते तारेनं आणायचं. एवढं लक्षात आलं, की निम्मं काम झालं.

तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं फोनवर उपाय सांगितला, तो घरात वापरायच्या गोष्टींतला आहे. फोन चार्ज करायची वायर घ्या. एक टोक फोनला, दुसरं लॅपटॉपला. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर यूएसबी टेदरिंग असं एक बटण असतं. वायर जोडल्याशिवाय ते उमटत नाही, म्हणून आजवर तुमच्या नजरेला पडलं नसेल. ते सुरू करा. लॅपटॉपला वाटतं तारेचं नेट आलं, आणि तो चालू लागतो. फोन घरच्या वाय-फायवर असला, तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट पुढं देतात, रोजचा डेटाही खर्ची पडत नाही. आयफोन असेल, तर मात्र लॅपटॉपवर आधी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं.

एक अडचण आमच्याकडे आलीच. पहिली वायर जोडली तर बटण उमटेना. काही स्वस्त वायरींतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. फोनबरोबर आलेली मूळची वायर कपड्यांच्या कपाटातून शोधून काढली, तेव्हा जमलं. तेव्हापासून ती वायर आम्ही वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवतो.

नेट आलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ. पुढं ओटीपीची भानगड. तो येतो मालकाच्या मोबाइलवर. एक मालक घरी होते. दुसरे पालखीबरोबर पुण्याला गेलेले, कारण त्या दिवशी पालखी पुण्यात पोचली होती. गर्दीत फोन लागेना. लागला तर टाळमृदंगात ऐकू येईना. अखेर त्यांनी कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन सहा आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. दहा वाजून वीस मिनिटांनी दुसरं विवरणपत्र गेलं. सून खुर्चीतच डोळे मिटून बसली. मी ताट वाढलं.

आता बिघाडाकडे वळू. शनिवारी सकाळी लख्ख उजेडात तिनं लॅपटॉप बंद केला आणि चारी कडांनी फिरवून पाहिला. पुढच्या कडेला, अगदी खाली, तांदळाच्या दाण्याएवढी एक सरकती कळ होती. शेजारी मनोऱ्यातून लहरी निघाल्याचं बारीक चित्र. कळ डावीकडे सरकलेली. तिनं नखानं उजवीकडे सारली, लॅपटॉप लावला, छोटा निळा दिवा लागला आणि वाय-फाय हजर. खर्च शून्य.

बारापंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपना अशी कळ असायची. वाय-फाय म्हणजे शेवटी एक छोटा रेडिओच, ऐकणारा आणि बोलणाराही. विमानात तो बंद ठेवायचा, बॅटरी वाचवायची, म्हणून ही कळ बाहेर दिलेली. (रेडिओवरून आठवलं. एके काळी घरच्या रेडिओलाही पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे, हे आमच्या वयाच्या मैत्रिणी विसरल्या नसतील. वाय-फायच्या लहरींसाठी मात्र वेगळं लायसन्स लागत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी ताकदीची साधनं वापरायला सरकारनं जानेवारी २००५ च्या नियमांनी सूट दिली, म्हणून तर त्या डब्या घरोघरी लागल्या.) नव्या लॅपटॉपवरून ही कळ बहुतेक गेली. तिची जागा घेतली ती कीबोर्डवरच्या वरच्या ओळीतल्या एका बटणानं.

गॅसची शेगडी डोळ्यांपुढं आणा. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर, शेगडीला नॉब आणि वर बर्नर. रेग्युलेटर बंद असेल तर नॉब कितीही फिरवा, लायटर कितीही खटखटवा, ज्योत येणार नाही. म्हणून आपण बर्नर बदलायला दुकानात नेतो का? आधी वाकून रेग्युलेटर बघतो. लॅपटॉपचंही तसंच. बाहेरची कळ हा रेग्युलेटर, पडद्यावरचं बटण हा नॉब आणि आतलं कार्ड हा बर्नर. आमच्या दुकानदारानं एकदम बर्नरलाच हात घातला.

तर तुमच्या घरी असं झालं, तर आधी रेग्युलेटर. लॅपटॉप बंद करून चारी कडा बोटानं चाचपा. कळ नसेल, तर वरची ओळ बघा. एफ-१ पासून एफ-१२ पर्यंतच्या बटणांत एकावर विमानाचं किंवा लहरींचं चित्र असतं. कोणाचं एफ-२ वर, कोणाचं एफ-१२ वर, प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. नुसतं दाबून बघा. नाही झालं तर खालच्या ओळीतलं एफएन बटण धरून दाबा. पुसताना, किंवा पोरानं हात मारल्यावर, हे बटण दाबलं जातं आणि एअरप्लेन मोड लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात विमान दिसलं तर समजा, आपला लॅपटॉप उड्डाणाला निघालाय. त्याला खाली उतरवा.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. लक्षात घ्या, शटडाउन नव्हे, रीस्टार्ट. मला हे फार उशिरा कळलं. हल्लीचे लॅपटॉप लवकर उघडावेत म्हणून शटडाउन करताना आतला थोडा पसारा तसाच जपून ठेवतात. सकाळी तोच पसारा पुढं मांडतात, आणि त्यात अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं मांडतात. दोन्हींत एवढा फरक असेल असं नावावरून कोणाला वाटेल का?

तेही जमलं नाही, तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जरची पिन काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा, आणि चालू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. पुन्हा सगळं जोडून लावा. आत उरलेली वीज निघून जाते आणि कधी कधी तेवढ्यानं कार्ड ताळ्यावर येतं. अंधश्रद्धा वाटेल, पण दुरुस्तीवालेही हेच करतात आणि मग पैसे मागतात.

आता नॉबकडे. पडद्याच्या डाव्या खालच्या किंवा मधल्या स्टार्टच्या खुणेवर माउसचं उजवं बटण दाबा. यादी येईल, त्यात डिव्हाइस मॅनेजर. ते लॅपटॉपच्या अवयवांचं रजिस्टर समजा. त्यात नेटवर्क अडॅप्टर्स असं लिहिलेली ओळ उघडा आणि जिच्यात वायरलेस, वाय-फाय किंवा ८०२.११ हा आकडा आहे ती ओळ शोधा. इथं तीन गोष्टी दिसू शकतात. नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल, तर कोणीतरी ते बंद केलंय. उजवं बटण दाबून एनेबल म्हणा, झालं. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा दुभाष्या, गडबडलाय. त्या ओळीवर अनइन्स्टॉल डिव्हाइस करा. ड्रायव्हर पुसून टाकू का असं विचारलं तर खूण करू नका. लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा तो स्वतःच दुभाष्याला परत आणतो. नाहीच आला, तर वर सांगितलेली फोनची वायर लावून लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच अधिकृत पानावरून ड्रायव्हर उतरवून घ्या. आणि ती ओळच नसेल, तर कार्ड सैल झालंय, खरंच गेलंय, किंवा अगदी आतल्या सेटिंगमध्ये बंद आहे. ब्लूटूथही त्याच वेळी नाहीसं झालं असेल, तर संशय पक्का, कारण पुष्कळ लॅपटॉपांत दोन्ही एकाच कार्डावर असतात. अशा वेळी दुकान गाठायला हरकत नाही.

वाय-फाय मधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर त्याच ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट बघा. वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करायची परवानगी तिथं दिलेली असते. ती खूण काढा. परवानगी आपण दिलेली नसते, पण ती असते.

नेटवर्क रीसेट म्हणून एक रामबाण सेटिंग्जमध्ये आहे. तो अगदी शेवटी. त्यानं लॅपटॉप सगळ्या वाय-फायचे पासवर्ड विसरतो आणि आपण तर ते कधी लक्षात ठेवलेलेच नसतात. आधी नेटच्या डबीच्या पाठीवरची चिठ्ठी बघून पासवर्ड वहीत उतरवून घ्या, मग हात घाला.

एक सावधगिरी मात्र मी हात जोडून सांगते. अडचणीत असताना मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधू नका. निदान जो पहिला दिसेल त्यावर फोन करू नका. तिथं भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. गोड बोलून ते एक अ‍ॅप उतरवायला सांगतात, त्यातून आपला पडदा त्यांना दिसतो आणि मग बँकेचा ओटीपीही दिसतो. नंबर लॅपटॉपबरोबर आलेल्या कागदांवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरून घ्या. आणि फसगत झालीच, तर घरचे काय म्हणतील ह्या विचारात रात्र घालवू नका; लगेच १९३० ह्या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करा. तास दोन तासांत कळवलं, तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

दुकानात द्यायची वेळ आली, तर विचारा, की कार्ड सुटं आहे का बोर्डालाच जोडलेलं. सुटं असेल तर ते एक छोटंसं कार्ड आहे, दोन स्क्रूंचा खेळ. त्याला दोन बारीक वायरी लागतात, त्या अँटेनाच्या. नुकताच पंखा किंवा बॅटरी बदलण्यासाठी लॅपटॉप उघडला असेल, आणि आता वाय-फाय सुरू होऊनही डबीच्या अगदी जवळ गेल्याशिवाय पकडत नसेल, तर त्या वायरींतली एखादी सुटलेली असते. हे दुकानदाराला आपण आपण होऊन सांगायचं. जुना भाग परत मागायचा, पावती घ्यायची. तेवढं बोललं की भाव निम्म्यावर येतो, हा माझा भाजी मंडईपासूनचा अनुभव आहे. आणि कार्ड खरोखर गेलं, तरी घाबरायचं कारण नाही. यूएसबीच्या खाचेत बसणारं, नखाएवढं वाय-फायचं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. तेवढ्यानं जुना लॅपटॉप पुन्हा चालू लागतो.

जुन्या लॅपटॉपवरून एक गोष्ट राहू नये. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. ज्या लॅपटॉपवर दुसऱ्यांचे हिशेब आहेत, तिथं ह्याकडे डोळेझाक करता येत नाही. सुनेनं तेव्हापासून भिशीचा नंबर नव्या लॅपटॉपसाठी राखून ठेवलाय. जुना नातवाच्या अभ्यासाला.

पुसायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण दोष तिथंच होता. आधी लॅपटॉप बंद, पिन बाहेर. फडकं कोरडं आणि मऊ. बटणांमधली धूळ रंगाच्या नव्या, कोरड्या ब्रशनं झटकायची. ओल हवीच असेल तर फडकं नुसतं दमट करून घट्ट पिळायचं आणि वरच्या झाकणावरच फिरवायचं, कडांना नाही. इंद्रायणीकाठी आषाढ-श्रावणात पापडाचा डबाही दोन दिवसांत सर्द होतो. तेव्हा लॅपटॉप भिंतीला टेकून किंवा कपाटात साड्यांखाली ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालवा.

त्या शनिवारी सकाळी सून कळ सापडल्याच्या आनंदात मला दाखवायला आली, "आई, हे बघा, केवढुशी!" मी म्हटलं, "अगं बाई, खरंच की," आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मूग निवडायला घेतले, पण त्यात लक्ष लागेना. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि सांगून टाकलं, की गुरुवारी मीच पुसला, कडेनं जोर लावून, कळ माझ्याच फडक्यानं सरकली असणार.

मला वाटलं, रागावेल. रागावली नाही. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई, मी रात्रभर विचार करत होते, की माझ्याच हातून काय चुकलं."

मला ते फार लागलं. शुक्रवारी दुपारी तीनलाच मी तोंड उघडलं असतं, तर ती त्या कडा तेव्हाच चाचपून बघती. दुकानाची खेप वाचली असती, मालकांचे फोन वाचले असते आणि ती रात्रही. मीही लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंचं पितळी ताम्हन माझ्या हातून चेपलं होतं आणि तीन दिवस मी बोलले नव्हते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता तर तेही निमित्त नाही.

दुपारी तिनं आपली नेलपॉलिशची बाटली आणली आणि त्या कळीच्या उजव्या बाजूला लाल ठिपका दिला. ठिपक्याकडे कळ, म्हणजे वाय-फाय चालू. नातवालाही दाखवलं. मग मी तीच बाटली घेऊन गॅसच्या रेग्युलेटरवर आणि गच्चीतल्या पाण्याच्या कॉकवरही ठिपके दिले.

तुमच्या लॅपटॉपची कळ कुठल्या कडेला निघाली, किंवा कुठल्या बटणावर विमान सापडलं, ते मला जरूर कळवा. कंपनीचं नाव आणि साधारण साल लिहायला विसरू नका, म्हणजे ज्यांची अजून सापडली नाही त्यांना पुढच्या अंकांतून सांगता येईल.